मागची सीट

मारुती ८०० ची मागची सीट काढणं हे पाच मिनिटांचं काम आहे. गादी पुढच्या बाजूने उचलायची, एक हिसका द्यायचा, मग पाठीचे बोल्ट सोडवायचे. ती काढून मी गॅरेजच्या दाराशी उभी केली तेव्हा आई पहिल्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. दोन चिमटे दातात धरलेले. ते काढून तिने विचारलं, "धुवायला काढलीस का गं?"

"नाही. काढूनच टाकली."

"मग मी कुठे बसायचं?"

ह्याचं खरं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते खालून वर ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. मी "बघू" म्हटलं. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही, हे मला आईनेच शिकवलंय.

गाडी बाबांची. १९९३ ची, पांढरी, चार गिअरची, कार्बोरेटरवाली. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या आमच्या जुन्या इमारतीच्या मागे चार गॅरेजेस आहेत. बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा एखादी मॉरिस असावी, कारण हल्लीची ढबू गाडी आत घातली तर तिचं दार उघडत नाही. मारुती मात्र लांबीला ३.३३५ मीटर आणि रुंदीला १.४४. तिच्या दोन्ही अंगांना माणूस पाना घेऊन बसू शकतो. मुंबईत घरच्या घरी शर्यतीची गाडी बांधायची तर हुनर नंतर, आधी जागा लागते. ती मला आजोबांच्या पागडीमुळे मिळाली, माझं त्यात काही कर्तृत्व नाही.

बाबा गेल्यावर गाडी तीन वर्षं तशीच उभी होती. चारही टायर बसलेले, आत कसला तरी आंबूस वास. भंगारवाला येऊन एक आकडा सांगून गेला. मी दातांची डॉक्टर आहे. तेवढ्या पैशात माझ्याकडे धड दोन कॅप होतात. त्याला परत पाठवलं ते भावनेपोटी नव्हे, अपमान वाटला म्हणून.

शर्यतीचं खूळ भाच्याने डोक्यात घातलं. तो मला एकदा पुण्याकडे ऑटोक्रॉस बघायला घेऊन गेला. मोकळं मैदान, चुन्याच्या रेघा, नारिंगी कोन. एका वेळी एकच गाडी सुटते, कोनांमधून वळत-वळत जाते आणि घड्याळाविरुद्ध पळते. कोन पाडला की वेळेत दंडाचे सेकंद वाढतात. कोणी कोणाला धक्का देत नाही, कोणी कोणाला मागे टाकत नाही. आणि त्या मैदानात, मोठ्या गाड्यांच्या मधे, एक खिळखिळी मारुती ८०० मागचं आतलं चाक चक्क हवेत उचलून वळत होती. एखादी शिस्तीची मावशी लग्नात अचानक नाचायला लागावी तशी. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. घरी येईपर्यंत मी गप्प होते, असं भाचा सांगतो.

लोकांना रेसिंग म्हटलं की रात्री दोन वाजता सी लिंकवर भोंगे वाजवत जाणारी पोरं आठवतात. मला ती पोरं आवडत नाहीत, आणि हे वयामुळे नाही. सी लिंकवर ताशी ८० ची मर्यादा आहे. ती मोडायला पैसे लागतात, अक्कल लागत नाही. शेजारून जाणारा टॅक्सीवाला किंवा पहाटे रस्ता झाडणारी बाई तुमच्या शर्यतीत नाव घालून आलेली नसते.

आमच्या शेजारी पारशी कॉलनी. तिथले एक काका दर रविवारी त्यांची जुनी फिएट पुसतात. गेली पन्नास वर्षं पुसत असावेत. त्यांना मी काय करतेय ते कळल्यावर ते गॅरेजमध्ये आले, इंजिनाकडे बघितलंच नाही, आणि जुहूची गोष्ट सांगायला बसले. जुहूच्या विमानतळाच्या धावपट्टीवर एकेकाळी मोटारींच्या शर्यती व्हायच्या. संस्थानिकांच्या परदेशी गाड्या एकीकडे आणि घरच्या अंगणात फुंकून-फुंकून तयार केलेल्या फिएटी दुसरीकडे. मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर चालायचं तसंच. पुढे १९९० मध्ये मद्रासजवळच इरुंगट्टुकोट्टईला खरोखरीचा ट्रॅक झाला आणि धावपट्ट्यांचे दिवस सरले. मुंबईला ट्रॅक कधी झालाच नाही. इथून मद्रासचा ट्रॅक तेराशे किलोमीटरच्या आसपास. "डिकरी," काका म्हणाले, "आपरे बॉम्बेवाला लोक शर्यतीला ट्रेननी जातो."

मारुती हलकी म्हणून शर्यतीला बरी, हे माझं संशोधन नाही. १९८३ च्या डिसेंबरात ती बाजारात आली आणि पाचच वर्षांत कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी तिचंच इंजिन घेऊन एका सीटची, उघड्या चाकांची फॉर्म्युला मारुती बनवली. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला, तोही सुरुवातीला तीच चालवायचा. कोइमतूरचा ट्रॅक आज करिवर्धन यांच्या नावाने ओळखला जातो. भाजी आणायला जे इंजिन, तेच शर्यतीला. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, आणि बॉनेट उघडल्यावर आजूबाजूला एवढी मोकळी जागा की पडलेला नट खाली जमिनीवरच सापडतो. नव्या गाड्यांत पडलेला नट म्हणजे देवाला वाहिलेलं फूल.

मला शिकवायला मिस्त्री मिळाले. खोदादाद सर्कलजवळ बेस्टचं दादर वर्कशॉप आहे, तिथे आयुष्य काढून निवृत्त झालेले. माझे पेशंट. खालची दाढ काढताना मी सहज विचारलं की इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवायला कोणी चांगला माणूस आहे का. तोंडात माझे दोन हात असल्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही. दुसऱ्या शनिवारी ते स्वतःचे गोटी पाने आणि टॉर्क रेंच कापडी पिशवीत घालून हजर. मी डॉक्टर म्हणून ते मला "डॉक्टर" म्हणतात आणि मी चुकले की "बाय माझे" म्हणतात. पहिल्या महिन्यात डॉक्टर फार कमी ऐकू आलं.

पहिलं काम जोडायचं नव्हतं, काढायचं होतं. रद्दीवाल्याकडचा टांगायचा काटा आणला आणि निघेल ती वस्तू त्याला अडकवून क्लिनिकच्या जुन्या अपॉइंटमेंट डायरीत लिहायला लागले. मागची सीट १३ किलो. पुढच्या दोन सीटा मिळून २२. स्टेपनी आणि जॅक १३. बाबांनी नंतर बसवून घेतलेला एसी, त्याचा कॉम्प्रेसर, पुढची जाळी, नळ्या सगळं धरून २१. दारांचे आतले पुठ्ठे, स्पीकर, हीटर आणि किरकोळ १०. गालिचा आणि त्याखाली चिकटवलेले डांबरी पट्टे ८. हे पट्टे आवाज कमी व्हावा म्हणून असतात. हीट गनने तापवून पटाशीने खरवडायचे. मी सलग तीन रविवार उकिडवी बसून खरवडत होते आणि नंतर क्लिनिकमध्ये पेशंटच्या दातांवरची कीटं मला फारच किरकोळ वाटायला लागली होती. एकूण ८७ किलो. रिकामी गाडी साडेसहाशेच्या घरातली, म्हणजे तिचा आठवा हिस्सा केवळ माणसांच्या सोयीचा होता.

डायरी बघून मिस्त्री म्हणाले, "डॉक्टर, अजून पाच किलो निघतील, पण ते गाडीत नाहीत." मी तेव्हा ६८ किलोची होते. पुढचे काही दिवस मी त्यांना चहाबरोबर खारी दिली नाही.

डाव्या दाराखालचा पत्रा गंजून पापुद्रे सुटले होते. मुंबईत हे व्हायचंच. चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा. दाराच्या खाली पुढून मागे जाणारी पोकळ पेटी असते, तिच्यावर गाडीची अर्धी ताकद असते. ती ग्राइंडरने कापली आणि आतून माती पडली. थोडीथोडकी नाही, ओंजळभर. राखाडी, मऊ, इतकी बारीक की बोटात घेतली तर टाल्कम पावडर वाटावी. तिच्यात एक काडेपेटीची काडी आणि कसलं तरी चिमुकलं शिंपलं.

मिस्त्रींनी बोटावर घेऊन बघितलं. "सव्वीस जुलै," म्हणाले.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्या दिवशी बाबा ऑफिसातून निघाले आणि किंग्ज सर्कलच्या पुलाखाली गाडी बंद पडली. पाणी सीटपर्यंत आलं होतं. गाडी तिथेच टाकून ते छातीएवढ्या पाण्यातून चालत आले, रात्री साडेदहाला, डबा डोक्यावर धरून. दोन दिवसांनी गाडी ढकलत आणली. नंतर मेकॅनिकने सगळं धुतलं, सुकवलं, सीटांच्या गाद्या गच्चीवर वाळल्या, गाडी पुढे दहा वर्षं पळाली. पण त्या पेटीत पाणी शिरलं होतं ते गेलं, माती राहिली, आणि दर पावसाळ्यात ओल धरून आतून पत्रा खात राहिली. बाहेरून रंग चकचकीत. माझ्याकडे असे दात रोज येतात.

माती मी फेकली नाही, पण जपूनही ठेवली नाही. आईने ती कुंडीत घातली. नवा पत्रा वाकवून सीओटू वेल्डिंगने बसवला, आतून झिंक प्रायमर, खाली पाणी निघून जायला दोन भोकं. मूळ गाडीतही भोकं होती. ती बुजली होती.

इंजिनाच्या कामात मात्र मी नवशिकी नव्हते. हेड उतरवून उलटं ठेवलं की प्रत्येक सिलिंडरवर एक खळगा दिसतो, त्यात दोन व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेला सीटच म्हणतात. टेकणं चोख नसेल तर दाब निसटतो. ते बघायला मिस्त्रींनी निळा रंग काढला. व्हॉल्व्हला बोट-बोट लावायचा, जागेवर ठेवून किंचित फिरवायचा, उचलायचा आणि सीटवर निळं कुठे उमटलं ते बघायचं. सलग पट्टा हवा, तुटक नको. मला हसू आलं. मी वीस वर्षं हेच करतेय. कॅप बसवली की निळा कागद दातांमध्ये धरायचा, "चावा" म्हणायचं, जिथे गडद उमटेल तिथे उंच आहे. मिस्त्रींना कागद दाखवला. त्यांनी तो उलटसुलट केला आणि म्हणाले, "म्हणजे तुमचं पेशंट बोलतंय, आमचं नाय. एवढाच फरक."

सहापैकी पाच सीट तुटक निघाल्या. उपाय जुनाच: ग्राइंडिंग पेस्ट लावायची, काठीच्या टोकाला रबरी वाटी असते ती व्हॉल्व्हला चिकटवायची आणि काठी दोन तळव्यांमध्ये घोळवत घासायचं. आधी जाड पेस्ट, मग बारीक. चार-पाच घोळे झाले की उचलायचं, थोडं फिरवून परत. मी करत होते तेव्हा आई चहा घेऊन खाली आली. दोन मिनिटं बघत उभी राहिली.

"अगं, रवी आहे ही," ती म्हणाली. "अशी काय धरतेस? सरक."

आणि पदर खोचून स्टुलावर बसली. लोणी काढणाऱ्या बाईचा तो हात. दोन्ही तळवे सारख्या जोराने, काठी सरळ, लय एकसारखी. माझी काठी दर चौथ्या फेऱ्याला कलंडत होती. पेस्ट खरखरते तोवर आवाज रखरखीत येतो, घासली गेली की मऊ होतो, आणि तो बदल तिला माझ्याआधी ऐकू येत होता. "झालं हे," म्हणायची, आणि उचलून बघितलं की निळा पट्टा सलग. सहापैकी चार व्हॉल्व्ह आईने बसवले. मिस्त्रींनी एकदाही तिला "बाय माझे" म्हटलं नाही.

ह्यानंतर जे घडलं ते लिहिताना अजून हात शिवशिवतात. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा-पेट्रोल किती दाबलं जातं ते, थोडं वाढवायचं म्हणून हेडचा पृष्ठभाग अगदी हलका, दोन दशांश मिलिमीटर तासून घ्यायचा होता. एका मशीन शॉपमध्ये दिलं. कागदावर आकडा लिहून दिला, मिस्त्रींनी तोंडी सांगितला. परत आलं ते आरशासारखं, आणि वर "मॅडम, एकदम टॉप केलंय" असं सर्टिफिकेट. मी ते घरी आणून खळगे मोजले. मोजायची रीत सोपी आहे: हेड पालथं समपातळीत ठेवायचं, खळग्यावर ग्रीस लावून काचेचा तुकडा चिकटवायचा, काचेला एक भोक, आणि इंजेक्शनच्या सिरिंजने रंगवलेलं रॉकेल भरत जायचं. हवेचा शेवटचा बुडबुडा निघाला की सिरिंज वाचायची. पहिल्यापेक्षा दुसरा खळगा जरा लहान निघाला. तिसरा तर सव्वा सीसीने लहान. हेड मशीनवर तिरकं बसवलं होतं.

सव्वा सीसी म्हणजे किती, तर कफ सिरपच्या चमच्याचा चौथा भाग. पण हिशोब करा. एका सिलिंडरचा पिस्टन २६५ सीसी ढकलतो आणि शेवटी ते सगळं साडेचौतीस सीसीत कोंबतो. हे झालं ८.७ ला १. जागा सव्वा सीसीने घटली की ते ९ वर जातं. तीन सिलिंडरांपैकी तिसरं सगळ्यांत जास्त दाबाने काम करणार, आधी तेच तापणार, आधी तेच ठोकायला लागणार. मी मशीन शॉपमध्ये परत गेले. तिथल्या माणसाने माझ्याकडे बघितलं, हेडकडे बघितलं, आणि विचारलं, "हे साहेबांनी मोजलं का?"

साहेब म्हणजे माझा नवरा. तो विमा कंपनीत आहे आणि त्याला टायरमधली हवा मोजता येत नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना कौतुकाने सांगतो. मी सिरिंज दाखवली. माणूस म्हणाला, एवढं चालतं. तोंडात एवढं चालत नाही, असं म्हणून मी हेड उचलून बाहेर आले. शेवटी लहान खळगे मीच हाताने मोठे केले, क्लिनिकमधले जुने झालेले टंग्स्टन कार्बाइडचे बर, म्हणजे दात कोरायची टोकं, वापरून, दोन रात्री, जरा खरवडायचं, परत रॉकेल भरायचं, परत मोजायचं. तिन्ही खळग्यांतला फरक शेवटी सिरिंजच्या अर्ध्या रेघेच्या आत आला. एवढ्या वर्षांच्या प्रॅक्टिसमधलं माझं सगळ्यांत नीट फिलिंग कुठलं, असं कोणी विचारलं तर ते हे, आणि ते उलटं आहे.

सोसायटीचं थोडक्यात सांगते, कारण तसलं पत्र ज्याला आलं नाही असा वाचक मुंबईत नसेल. ग्राइंडरच्या आवाजाबद्दल सेक्रेटरींची सही असलेली नोटीस आली. मी कामाची वेळ अकरा ते एक अशी बांधून घेतली आणि सेक्रेटरींच्या सासूबाईंची कवळी घासून दिली. आवाज कमी झाला नाही, तक्रारी थांबल्या.

मग रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून आत बसवायचा नळ्यांचा सांगाडा. आमच्या पातळीच्या ऑटोक्रॉसला ती बसवायलाच हवी असं नव्हतं. पण मला एक दिवस मद्रासच्या ट्रॅकवर जायचं होतं, आणि मिस्त्री म्हणाले, डोकं एकच आहे. फियाचे, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचे, नियम ह्या बाबतीत फार स्वच्छ आहेत. चालकाच्या पाठीमागची मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यासाच्या, अडीच मिलिमीटर जाडीच्या नळीची. नाहीतर ५० ला २. बाकीच्या नळ्या ३८ ला अडीच चालतात. नळी जोडाची नको, कोल्ड ड्रॉन सीमलेस हवी. बाक देताना त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी राहायला हवी, नाहीतर आतल्या बाजूला सुरकुती पडते आणि वेळ आली की नळी तिथेच मुडपते. कमान नुसती पत्र्यावर उभी करायची नाही, खाली ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी द्यायची, नाहीतर गाडी उलटताना कमान पत्र्यातून आरपार जाते. नळ्या गुलालवाडीतून आणल्या. पहिल्या दुकानात "रेलिंगसाठी का?" दुसऱ्या दुकानात "मंडपासाठी का?" तिसऱ्याने काही न विचारता टेस्ट सर्टिफिकेट पुढे ठेवलं, तिथे घेतल्या.

वेल्डिंग मी केलं नाही. मला करता येतं, पण ज्या जोडावर मान अवलंबून आहे तिथे हौस नको. केज २९ किलोची झाली. नवी बकेट सीट, सहा पट्ट्यांचा हार्नेस, आग विझवायचं सिलिंडर, बाहेरून वीज तोडायचा स्विच मिळून १४. म्हणजे काढलेल्या ८७ पैकी ४३ परत आत गेले. भाच्याला हे पटेना. एवढं खरवडून फायदा काय? मी डायरी पुढे केली. निघालेले किलो कोणाला टेकायला, कोणाला थंड वाटायला, कोणाला गाणी ऐकायला होते. आत गेलेले सगळे किलो उलटण्याच्या तयारीचे आहेत.

आईने केज बघितली आणि तिला "पिंजरा" नाव पडलं. बाईंना, पोळ्यावालीला, गणपतीच्या पाहुण्यांना ती हौसेने दाखवायची. जिथे पूर्वी ती बसायची, उजव्या खिडकीशी, बाबांच्या बरोबर मागे, तिथून आता दोन नळ्या तिरप्या खाली जातात. बावीस वर्षं ती त्याच जागी बसली. पुढची डावी जागा आधी आजीची, मग माझी, मग जावयाची. तिच्याकडे लायसन्स आहे, १९९४ चं. दादरच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकली, पहिल्या फटक्यात पास झाली. त्यानंतर बाबा एकदा तिला शिवाजी पार्कला फेरी मारायला घेऊन गेले आणि परत येताना स्वतः चालवत आले. त्या फेरीत काय झालं हे दोघांनीही कधी सांगितलं नाही. लायसन्स ती दर वेळी न चुकता रिन्यू करते.

असे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम त्याच्या आड येतं. म्हणून फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी ती फ्लॅटबेडवर चढून पुण्याला निघाली. मी आणि मिस्त्री ट्रकच्या केबिनमध्ये. खंडाळ्याच्या चढावर मी आरशात तिच्याकडे बघत होते. लहानपणी जुन्या घाटात आमच्या आधीच्या गाडीचं पाणी हमखास उकळायचं आणि बाबा फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडायचे. आज ही बया आडवी होऊन, हवा खात, घाट चढत होती.

पहिल्या फेरीत मी दोन कोन पाडले. ते सोडा; खरं दुखणं वेगळं होतं. प्रत्येक लांब उजव्या वळणात इंजिन घुसमटायचं, दोन सेकंद मेल्यासारखं व्हायचं आणि सरळ रस्ता आला की उठायचं. माझा चेहरा उतरला. एवढे खळगे मोजून हे? मिस्त्री मात्र खूश. "फक्त उजवीकडे ना? मग इंजिन नाय. पेट्रोल कलंडतंय." कार्बोरेटरच्या पेल्यात पेट्रोल असतं आणि एक तरंगता फ्लोट त्याची पातळी राखतो. भाजी आणताना गाडी एवढी कधी वळत नाही. जोरात वळली की पेट्रोल पेल्याच्या एका भिंतीवर चढतं आणि जेटचं, म्हणजे इंजिनाला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राचं, तोंड कोरडं पडतं. त्यांनी मैदानातच झाकण उघडलं, फ्लोटची पितळी जीभ नोजप्लासने केसभर वाकवली, पातळी थोडी वर आणली. दहा मिनिटं. हात पँटला पुसले.

दुसऱ्या फेरीबद्दल फारसं आठवत नाही. हार्नेस इतका आवळलेला की श्वास छातीच्या वरच्या मजल्यावरच घेता येतो. आत प्रचंड आवाज. ते डांबरी पट्टे कशासाठी होते ते तेव्हा कळलं. शेवटचं वळण इतकं चिमटं होतं की स्टिअरिंग पुरेना. हँडब्रेक खेचला, मागची चाकं धरली, आणि गाडी बिजागरीवर फिरावी तशी स्वतःभोवती वळली. हँडब्रेक म्हणजे बाबांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट: उतरताना विसरायचा नाही. चालत्या गाडीत खेचायचा हे त्यांनी शिकवलं नव्हतं.

११०० सीसीपर्यंतच्या वर्गात एकोणिसांत चौदावी आले. महिला वर्गात दुसरी. आम्ही तिघी होतो. तरी करंडक एवढा मोठा देतात की ट्रकच्या केबिनमध्ये तो मिस्त्रींच्या मांडीवर ठेवावा लागला.

रात्री अकराला गाडी गॅरेजमध्ये उतरवली. आई जागीच होती. करंडक बघितला, "ठेव देवापाशी" म्हणाली, आणि घरात न जाता गॅरेजमध्येच घुटमळली. मग गाडीचं दार उघडलं. दाराशी गुडघ्याच्या उंचीला केजची आडवी नळी आहे. तिने साडी जरा वर धरली, एक हात छताच्या नळीला, आणि माझा "अगं थांब" पूर्ण व्हायच्या आत एक पाय आत. बहात्तराव्या वर्षी. रोजची योगासनं कुठेतरी उपयोगी पडायचीच. बकेट सीटमध्ये ती खोल गेली, नुसतं डोकं आणि अंबाडा दिसत होता.

"पट्टे लाव," म्हणाली.

मी सहाही पट्टे लावले. खांद्यावरचे ओढून घट्ट केले. तिने स्टिअरिंग धरलं, घड्याळातल्या दहा आणि दोनवर, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात तसं. क्लच दाबून बघितला. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, चौथा. परत पहिला. मग उजवा अंगठा स्टिअरिंगच्या मधोमध नेला आणि दाबला. काही झालं नाही. परत दाबला.

"हॉर्न कुठाय?"

"काढला."

"अगं, मग समोरचा बाजूला कसा होणार?"

"समोर कोणी नसतं, आई."

ती जरा वेळ काचेतून गॅरेजच्या भिंतीकडे बघत बसली. मग म्हणाली, "बरं. आता मला बाहेर कसं काढतेस ते बघ."